मोजीसन सांगस : चोपड्याच्या काँटेसासाठी ब्लॉक निवडताना

पहिला ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात ते इंजिनाचं ओतीव धड, केळीच्या गाडीतून आला. चोपड्याहून माल घेऊन मुंबईला गेलेला ट्रक परत येताना रिकामा असतो, म्हणून भाड्यात घासाघीस झाली. ब्लॉक ताडपत्रीत गुंडाळलेला, चहूबाजूंनी केळीची वाळलेली पानं कोंबलेली. चार जणांनी उचलून माझ्या दुकानात ठेवला आणि भाच्याने लगेच विचारलं, "मामा, हाऊ ब्लॉक चाली का?"

मी जळगावच्या एमआयडीसीत बोअरिंग-होनिंगचं, म्हणजे सिलिंडर कापून मोठे करायचं आणि घासून गुळगुळीत करायचं, दुकान चालवतो. कामं बहुतेक ट्रॅक्टरची, जीपची, विहिरीवरच्या डिझेल इंजिनांची. मी त्याला म्हणालो, "मोजीसन सांगस." मोजून सांगतो. या प्रकरणात पुढचे चार महिने मी हेच दोन शब्द बोलत होतो. भाच्याला त्यांचा इतका वीट आला की फोनवर तोच आधी म्हणायचा, "हो, हो, मोजीसन सांगस, माहीत से."

गाडी त्याच्या आजोबांची. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा, इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन, गेली कित्येक वर्षं मळ्यातल्या शेडखाली उभी. भाच्याला ती ड्रॅग स्ट्रिपवर पळवायची होती. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ रेषेत, उभ्या जागेवरून. बहिणीने मला वेगळा फोन केला होता: "भाऊ, तेले समजाड. ती गाडी तेना आजानी से, भंगारमा जावाले नको." तेव्हा पहिली अट ठरली. आजोबांचं इंजिन विकायचं नाही आणि तोडायचंही नाही. आरसी बुकावर त्याचाच नंबर आहे. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे ड्रॅगची गाडी ट्रेलरवरूनच जाणार आणि ट्रेलरवरूनच येणार, हे भाच्याकडून आधी कबूल करून घेतलं.

उलटं गणित

लोक ब्लॉक निवडायला बसतात ते ऐकीव कीर्तीवरून. अमुक ब्लॉक हजार हॉर्सपॉवर झेलतो, तमुक फुटतो. मी भाच्याला आधी वेळ विचारली. किती सेकंदांत पोचायचं? तो म्हणाला, दहा. मी म्हटलं, खरं बोल. मग बारावर आला. बारा मलाही पटले, कारण अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमांत ११.४९ सेकंद किंवा त्याहून जलद धावणाऱ्या अशा जुन्या गाडीला रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारा पाईप, सक्तीचा आहे. पहिल्याच गाडीत त्या पायरीवर चढायचं कारण नव्हतं. रोल बार आम्ही तरीही घातला, ती गोष्ट वेगळी.

वेळ ठरली की ताकद काढायला एक जुना ठोकताळा आहे. गाडीचं वजन पौंडात घ्या, त्याला हॉर्सपॉवरने भागा, उत्तराचं घनमूळ काढा आणि ५.८२५ ने गुणा. पाव मैलाचे सेकंद मिळतात. ड्रायव्हरसकट काँटेसा १३०० किलो धरली, म्हणजे साधारण २८६५ पौंड. मूळ इंजिनाच्या ८८ हॉर्सपॉवरला उत्तर येतं साडेअठरा सेकंदांच्या थोडं वर. भाच्याने ते दोनदा तपासलं आणि गप्प बसला. बारा सेकंदांना लागतात ३३० च्या आसपास. अकरा हवे असतील तर ४२५. एक सेकंद कमी करायला जवळजवळ शंभर हॉर्सपॉवर जास्त, हे कागदावर पाहिल्याशिवाय पोरांना पटत नाही.

तर प्रश्न असा झाला: ३३० हॉर्सपॉवर चाकापर्यंत सुखरूप नेईल असा कोणता ब्लॉक, जो मी जळगावात मोजू शकतो, बोअर करू शकतो आणि उद्या गेला तर दुसरा मिळवू शकतो? या वाक्याचा दुसरा अर्धा भाग कीर्तीच्या गप्पांत कधीच येत नाही.

जे नाकारलं

इसुझूचा मूळ ब्लॉक मला मनापासून आवडतो. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८२, बिडाचा, साधा, राकट. अँबेसेडर १८०० मध्ये इसुझू इंजिन आलं तेव्हापासून असे किती ब्लॉक माझ्या मशीनवर चढले ते मोजलेलं नाही. पण १८१७ सीसीतून ३३० काढायचे म्हणजे मूळच्या पावणेचारपट. हवा तितक्याच पटीने कोंबावी लागते. बीड कदाचित तग धरेल. पण घडीव पिस्टन, कनेक्टिंग रॉड, हेड गॅस्केट यातलं एकही तयार मिळत नाही, सगळं बनवून घ्यायचं. आणि फुटलंच तर फुटणार आजोबांचं इंजिन. ते बाहेर काढलं, बोअरला ग्रीस चोपडलं आणि बहिणीच्या गोदामात लाकडी पाटावर ठेवलं.

भाच्याच्या मनात शेव्हरलेचा व्ही-८ होता. साडेतीनशे क्युबिक इंच, १९६७ पासूनचा, चार इंच बोअर. अमेरिकेत ड्रॅगवाल्यांनी या ब्लॉकवर पिढ्यान्पिढ्या घालवल्या. मेन कॅप, म्हणजे क्रँक हा इंजिनाचा फिरता दांडा खालून धरणारी पट्टी, दोन बोल्टची की चार बोल्टची यावर तिथे भांडणं होतात. आमच्या आकड्याला तो नुसता गालातल्या गालात हसला असता, ५.७ लिटरमधून ३३० म्हणजे काहीच नाही. पण सगळं अंगावर चढवलं की इंजिन अडीचशे किलोंच्या पुढे जातं, जहाजाचं भाडं वेगळं, आणि खानदेशात त्याचा एक बेअरिंग शेलसुद्धा मिळणार नाही. आवाजासाठी एवढं करायचं नसतं. भाचा दोन दिवस रुसला.

उरला टोयोटाचा २जेझेड. सरळ सहा सिलिंडर, २९९७ सीसी, बोअर ८६ आणि स्ट्रोकही ८६. बिडाचा ब्लॉक, सात मेन बेअरिंग. डेक बंद, म्हणजे सिलिंडरची वरची कड आणि ब्लॉकची बाहेरची भिंत वरच्या पृष्ठभागावर एकमेकींना धरून आहेत, मधे पाण्यासाठी फक्त भोकं. होंडाच्या बऱ्याच जुन्या इंजिनांचा डेक उघडा असतो. तिथे सिलिंडर पाण्यात उभ्या केलेल्या पेल्यासारखा एकटा असतो आणि दाब वाढला की वरून डुलतो.

डेकवर इतकं का बोलतो ते सांगतो. टर्बो, म्हणजे हवा कोंबणारा पंखा, लावल्यावर सिलिंडरमधला दाब १०० बारच्या आसपास गेला असं धरा. ८६ मिलिमीटर बोअरचं क्षेत्रफळ ५८ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर एका पिस्टनवर जवळजवळ सहा टन. केळीचा भरलेला मध्यम ट्रक एका पिस्टनवर ठेवल्यासारखं, आणि तेही मिनिटाला हजारो वेळा. हा भार वर हेडच्या बोल्टांना आणि खाली मेन कॅपना ओढतो. त्यांच्या मधे उभा असतो तो ब्लॉक.

लांबीचा प्रश्न मात्र होता, सरळ सहा म्हणजे लांबलचक इंजिन. इथे आजोबांच्या गाडीनेच हात दिला. काँटेसाचं मूळ व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या गाडीत आहे, आणि त्या घराण्यातल्या व्हेंटोरा या गाडीला ३.३ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन होतं. बॉनेटखाली जागा आधीपासून राखलेली होती. माउंटिंग नवे करावे लागले, रेडिएटर पुढे सरकला, पण फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा, कापावी लागली नाही.

दोन ब्लॉक, एक रंगवलेला

केळीच्या गाडीतून आलेला ब्लॉक 'जीटीई' होता, म्हणजे कारखान्यातूनच टर्बोसाठी आलेल्या इंजिनाचा. मुंबईच्या व्यापाऱ्याने तसं सांगितलं होतं आणि किंमत त्याच हिशेबाने लावली होती. पंधरा दिवसांनी दुसरा आला, साधा 'जीई', बिनटर्बोचा, अर्ध्याहून कमी किमतीत, गंज आणि चिखल अंगावर घेऊन. पहिला मात्र चंदेरी रंगाने चमकत होता. ब्लॉकला रंग दिसला की मी आधी रंग काढतो, हा अनुभवाचा भाग.

दोन्ही उकळत्या सोड्याच्या पाण्यात धुतले. पहिल्याची कागदावरची कीर्ती खरी निघाली. पिस्टनच्या पोटावर तेल मारणाऱ्या नळ्या जागेवर होत्या, सहाच्या सहा. बाकी काहीच खरं निघालं नाही.

बोअर गेज टाकला तर माप ८६.५ च्या वर. म्हणजे आधीच एकदा बोअर झालेला, आणि तोही झिजलेला. आता पुढच्या मापाला, ८७ ला जावं लागणार. स्वतःत ते पाप नाही. पण ८७ ला भिंत किती उरेल हे कळल्याशिवाय बोअरिंग बार खाली सोडायचा नसतो. ब्लॉक ओतताना आतला वाळूचा गाभा किंचित सरकला तर सिलिंडरची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते. बाहेरून काही दिसत नाही.

भिंत मोजायला ध्वनीलहरींचं जाडीमापक लागतं. ते माझ्याकडे नाही, ट्रॅक्टरला कोण विचारतो. दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेक्याची कामं करणाऱ्या एका मित्राकडे बॉयलरच्या नळ्या मोजायचं यंत्र होतं. रविवारी ते मागून आणलं. पहिलं माप घेतलं आणि भाचा खूश, भिंत चांगली जाडजूड! मला ते पटेना. मग डोक्यात आलं की यंत्र पोलादासाठी लावलेलं आहे. पोलादात आवाज सेकंदाला सुमारे ५९०० मीटर धावतो, बिडात बराच कमी. यंत्र फक्त वेळ मोजतं आणि वेगाने गुणतं. वेग चुकीचा तर जाडीही फुगते. भंगारातला एक फुटका ब्लॉक करवतीने कापला, त्याच्या भिंतीची जाडी मायक्रोमीटरने घेतली आणि यंत्र त्या तुकड्यावर लावून घेतलं. फुगलेले आकडे खाली बसले. बीडही सगळं सारखं नसतं, म्हणून नंतर दोन्ही ब्लॉकच्या पोहोचता येईल अशा कडेवर पुन्हा खात्री केली.

प्रत्येक सिलिंडरला वर, मध्ये आणि खाली, चारही बाजूंनी, अशी बारा मापं. सहा सिलिंडर, दोन ब्लॉक. भाच्याने वहीत तक्ता आखला. पहिल्या ब्लॉकच्या तिसऱ्या सिलिंडरला, नेमक्या त्या बाजूला जिथे पॉवर स्ट्रोकमध्ये पिस्टन भिंतीवर रेटतो, भिंत शेजारच्यांपेक्षा एक मिलिमीटरहून जास्त पातळ निघाली. पाण्याच्या वाटेत बोट घातलं तर गंजाचे पापुद्रे हातात आले. कधीतरी ते इंजिन कूलंटशिवाय, नुसत्या नळाच्या पाण्यावर चाललेलं असणार.

वर आणखी एक. मेन कॅपवर कारखान्याचे नंबर असतात, त्याच क्रमाने आणि त्याच तोंडाने बसवायचे, कारण मेन बोअर कॅप लावूनच कापलेला असतो. चौथ्या कॅपवरचा आकडा हाताने ठोकलेला होता. दुसऱ्या कुठल्यातरी इंजिनाची कॅप. व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, टोयोटाच आहे ना, एकच माप असतं. असू दे.

दुसरा ब्लॉक, तो चिखलाचा. बोअर ८६.०२ च्या आसपास, उतार, म्हणजे वरच्या आणि खालच्या व्यासातला फरक, दोन शतांश मिलिमीटरच्या आत. कॅप सातही मूळच्या. डेकवर सरळ पट्टी ठेवून फीलर घातला, पाच शतांशाची पात शिरेना. भिंती सगळीकडे जवळपास सारख्या. लाल रंगाचं द्रव लावून तडे पाहिले, हवेचा दाब भरून पाण्यात बुडवला, बुडबुडा नाही.

भाच्याची हरकत एकच: "पण मामा, त्याला तेलाच्या नळ्या नाहीत. तो टर्बोचा ब्लॉकच नाही."

त्याला उत्तर द्यायला मला एक संध्याकाळ लागली. त्या संध्याकाळी बहिणीने वरण-बट्टी केली होती, वाद जेवणाच्या ताटावर झाला. जीटीई आणि जीई यांत फरक कशाचा? पिस्टनचा: जीटीईचा कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन हवा किती पट दाबतो तो) ८.५, जीईचा १०. रॉडचा: जीईचे बारीक. हेडचा, गॅस्केटचा, आणि तेलाच्या त्या नळ्यांचा. क्रँक दोघांचाही घडीव पोलादाचा. आता आपण पिस्टन कोणते घालणार? नवे घडीव. रॉड? नवे. गॅस्केट? नवं, पत्र्याच्या थरांचं. म्हणजे जीटीई म्हणून जे जादा पैसे मोजायचे, त्यातलं बरंचसं आपण भंगारात टाकणार. उरल्या नळ्या. त्या पिस्टनला खालून थंड ठेवतात, आणि तासन्‌तास जोरात पळणाऱ्या गाडीला त्यांची खरी गरज आहे. आपली धाव बारा सेकंदांची. पिस्टन तापून मऊ व्हायच्या आत आपण ब्रेक मारलेला असतो. ब्लॉक विकत घेताना ओतीव बीड विकत घ्यायचं, बाकी सगळं दुकानात मिळतं.

भाचा म्हणाला, "मग लोक जीटीईच का मागतात?" मी म्हटलं, नावाला किंमत असते, भाव त्याचाच लागतो.

माझी चूक

ब्लॉक ८६.५ ला बोअर करायचं ठरलं, कारण घडीव पिस्टन त्या मापात सहज मिळाले. सीसी झाले ३०३२. होनिंगच्या आधी दोन इंच जाडीची पोलादी प्लेट बनवली, हेडच्या चौदा बोल्टांच्या भोकांची आणि सिलिंडरच्या सहा खिडक्यांची. ती गॅस्केटसकट हेडच्याच ताणाने आवळून मग होनिंग केलं. बोल्ट आवळले की सिलिंडर शतांशांत वाकडा होतो. मोकळ्या ब्लॉकमध्ये गोल केलेला सिलिंडर हेड बसल्यावर गोल राहत नाही. ट्रॅक्टरला मी ही प्लेट कधीच वापरली नव्हती. प्लेट लावून आणि काढून बोअर गेज फिरवला तेव्हा सुई हललेली पाहून मी स्वतःच दोन मिनिटं बसून राहिलो. तीस वर्षांत किती ट्रॅक्टर तसेच गेले असतील!

पिस्टनच्या रिंगचं तोंड, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, दर इंच बोअरला पाच थाउ (इंचाचे हजारावे भाग) ठेवलं, म्हणजे ०.४३ मिलिमीटर. टर्बोत रिंग जास्त तापते, तोंडं एकमेकांना भिडली तर रिंग पिस्टनची कड उपटते.

इथपर्यंत ठीक. मग मेन कॅपचे जुने बोल्ट काढून जास्त ताकदीचे स्टड, म्हणजे ब्लॉकमध्ये बसवून वरून नट आवळायचे दांडे, घातले. चांगलीच गोष्ट. पण बोल्टच्या जागी स्टड आला की आवळायचा ताण बदलतो, कॅप वेगळ्या जोराने दबते आणि मेन बोअरचा आकार बदलतो. सिलिंडरसाठी जो विचार प्लेट बनवून केला, तोच खाली करायला मी विसरलो. बेअरिंग टाकली, क्रँक ठेवला, कॅप आवळल्या, आणि क्रँक हाताने फिरेना. आधी वाटलं बेअरिंगच चुकीची. सगळं उघडून रिकाम्या कॅप स्टडवर आवळल्या आणि गेज घातला तर तीन ठिकाणी मेन बोअर लंबगोल.

सरळ रेषेत सातही मेन बोअर एकदम होन करायचं मशीन माझ्याकडे नाही. ब्लॉक पुण्याला पाठवला, तीन आठवडे गेले. भाच्याच्या वहीत त्या पानावर त्याने काहीच लिहिलेलं नाही, फक्त तारीख आणि माझ्या चहाच्या कपाचा गोल डाग.

त्या तीन आठवड्यांत त्याने दुसरा विषय काढला: पाण्याच्या वाटेत अर्ध्यापर्यंत खास सिमेंट भरतात, त्याने भिंतींना आधार मिळतो. ड्रॅगमध्ये करतात, खरं आहे. पण ३३० हॉर्सपॉवरला या भिंतींना तो आधार लागत नाही, आणि मी नाही म्हटलं ते आपल्या उन्हामुळे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ ला जातो. धाव बारा सेकंदांची असली तरी रांगेत गाडी अर्धा तास उभी असते. खालच्या अर्ध्यात पाणी नसेल तर ती उष्णता तेलात उतरते. त्याच उन्हाची दुसरी बाजू म्हणजे ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्क्यांनी विरळ असते. परदेशातल्या थंड हवेतले आकडे इथे जसेच्या तसे येत नाहीत, म्हणून टर्बो ३३० ला पुरेल त्याहून एक माप मोठा घेतला.

धावपट्टीवर

हिवाळ्यात गाडी ट्रेलरवर चढवून खानदेशाबाहेरच्या एका धावपट्टीवर नेली. गिअरबॉक्स, इंधनाचे पंप, इंजिनाचा संगणक, या प्रत्येकाचा एकेक रुसवाफुगवा झाला, तो इथे सांगत नाही.

सर्वांत चांगल्या धावेची चिठ्ठी माझ्या दुकानात काचेखाली आहे. वेळ १२.९ सेकंद. शेवटच्या रेषेवरचा वेग ताशी १८१ किलोमीटर. पहिले साठ फूट २.३ सेकंदांत.

भाचा हिरमुसला, बारा झाले नाहीत. पण चिठ्ठीतले तिन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात. शेवटचा वेग ताकद सांगतो. १३०० किलो ताशी १८१ ला आणायला जी ताकद लागते ती ३३० च्या अगदी जवळची. म्हणजे इंजिनाने आपलं काम केलं. साठ फुटांचा आकडा पकड सांगतो, आणि २.३ म्हणजे चाकं जागेवरच फिरत होती. सेकंदाचा तोटा पहिल्या साठ फुटांतच झाला, त्याचा ब्लॉकशी संबंध नाही.

चौदा धावांनंतर इंजिन उघडलं. सिलिंडरचा उतार जवळजवळ तसाच. होनिंगच्या जाळीच्या रेषा सगळीकडे दिसत होत्या. पाचव्या मेनच्या खालच्या शेलवर एका कडेला थोडी चमक होती, ती नजरेखाली ठेवायची. तेलाच्या नळ्या नसलेल्या पिस्टनच्या पोटावर करपलेलं तेल नव्हतं. भाच्याने बोटाने पुसून पाहिलं आणि बोट मला दाखवलं.

रंगवलेला जीटीई व्यापाऱ्याने अर्ध्या किमतीत परत घेतला, तोही महिनाभराच्या फोनाफोनीनंतर. पुढच्या हंगामासाठी टायर आणि मागचा एक्सल आणायचा आहे. एक्सल कुठला आणायचा यावर सध्या भाचा कीर्ती ऐकवतो आहे.